उंटांच्या तांड्यातली बाटली

मी स्टीलची एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. जे भरलं ते सांभाळायचं आणि कोणी ओतलं की रिकामं व्हायचं, एवढंच माझं काम. बाटलीच्या आयुष्यात सांगण्यासारखं ते काय असणार, असं तुम्हांला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण माझ्या रिकामेपणावर एका आईने डोळे झाकून विश्वास ठेवला आणि ते तिच्या मुलीच्या जिवावर बेतलं. तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. आज तुम्ही ऐकायला बसला आहात, तर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या एका चकतीला यंत्राने दाबून दाबून खोल केलं, मग वरचा भाग आवळून माझा गळा केला. शेवटी पॉलिश करणाऱ्या कामगाराने मला फिरत्या चाकावर धरून इतकं घासलं, की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. त्याने त्या जरा नीट केल्या आणि मला पुढे सरकवलं. माझी पहिली स्तुती ती हीच. झाकणात रबराची एक गोल चकती बसवली, त्यामुळे मला उलटी धरली तरी थेंब गळत नसे. ह्याचा मला भारी तोरा होता. दुकानाच्या फळीवर शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांकडे मी नाक मुरडूनच बघायचे.

मला विकत घेतलं ते एका ट्रक चालवणाऱ्या माणसाने. त्याची बायको मला भरून द्यायची आणि तो मला आपल्या आसनामागे ठेवायचा. उन्हात तापलेल्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन तो घटाघट पाणी प्यायचा, उरलेलं डोक्यावर ओतायचा आणि खाली उतरून निवांत झुडपाआड जाऊन यायचा. पुरुष माणसाचं सगळं सोपं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे त्याने पाणी थंड ठेवणारा मोठा कॅन घेतला आणि मी घरी कपाटावर जाऊन पडले. तिथे एक फुटका कंदील आणि झाकण हरवलेले दोन डबे माझे सोबती होते. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, ते मी तिथे बसून शिकले. एक कोळी माझ्या गळ्यात जाळं करून संसाराला लागला, तरी कोणी वर बघितलं नाही.

मला खाली काढलं ते त्या घरातल्या मुलीसाठी. ती लहानपणी दिवसभर बडबड करायची म्हणून घरात तिला मिठू म्हणायचे. आता ती उंच झाली होती, बोलणं कमी झालं होतं, आणि आठवीसाठी लांबच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिच्या आईने मला लिंबाच्या सालीने घासलं, गरम पाण्याने तीनदा विसळलं, हुंगून बघितलं, पुन्हा एकदा विसळलं. ही आई कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहायची, त्यामुळे पाण्याची किंमत तिला ठाऊक होती. भरून दिलेली बाटली घरी येताना रिकामी झालीच पाहिजे, असं तिने मिठूला बजावलं. संध्याकाळी कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी ती मला उचलून बघायची. मी हलकी लागले की तिचा चेहरा उजळायचा.

पहिले काही दिवस मी खरोखरच पिऊन रिकामी होत असे. पण मित्रांनो, पाणी प्यायलं की दुसरीही गोष्ट करावी लागते, आणि त्या शाळेत खरी अडचण तिथेच होती. मुलींची स्वच्छतागृहं इमारतीच्या मागे होती. तीन दारं. एकाला कायमचं कुलूप. दुसऱ्याच्या आत नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. तिसऱ्याला पाणी होतं, पण आतली कडी निखळलेली होती. मधली सुट्टी झाली की तिथे ही झुंबड. आत गेलेल्या मुलीने एका हाताने दार दाबून धरायचं आणि बाकीचं कसं जमेल तसं उरकायचं. कोणीतरी मुद्दाम दार ढकलायचं आणि बाहेर खिदळणं सुरू व्हायचं. मिठूवर ती वेळ एकदा आली. त्या दिवशी वर्गात परतल्यावर तिने मला दप्तराच्या तळाशी कोंबलं आणि शाळा सुटेपर्यंत हात लावला नाही.

त्याच आठवड्यात उंटांनी तिला आपल्यात घेतलं.

उंट म्हणजे त्या वर्गातल्या सात-आठ मुलींचा तांडा. त्यांची पुढारी धावण्याच्या संघाची कप्तान होती, म्हणून सगळ्या तिला कॅप्टनच म्हणायच्या. सडपातळ, ताठ, बोलण्यात तिखट. तिच्याकडे बघून इतर वर्गांतल्या मुलीही केस तसेच बांधायच्या. तिचा नियम सोपा होता. शाळा सुटेपर्यंत पाणी प्यायचं नाही आणि मागच्या त्या दारांकडे जायचं नाही. बाटली तोंडाला लावायची, मान मागे करायची, पण घोट घ्यायचा नाही. जी टिकली ती उंट. जी मध्येच उठून गेली तिला आठवडाभर ‘गळका नळ’ म्हणायचं. मागच्या बाकावरून टप टप टप असा आवाज करायला पोरांनाही शिकवलेलं होतं.

शाळा सुटली की फाटकाजवळच्या झाडाखाली तांडा जमायचा. झाकणं उघडायची आणि सगळ्यांच्या बाटल्या एकदम उलट्या व्हायच्या. मग रस्त्यावरच्या दुकानातून रंगीत थंड पेयाची एक बाटली घ्यायची आणि कोरड्या पडलेल्या तोंडांनी ती फिरवून संपवायची. मिठू पहिल्या दिवशी टिकली तेव्हा कॅप्टनने तिच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मी ती थाप जवळून पाहिली आहे. नव्या शाळेत तोंड उघडायला घाबरणाऱ्या मुलीला अशी थाप मिळाली, की ती काहीही सोसायला तयार होते. तिला मूर्ख म्हणायची मला हिंमत नाही. न गळण्याचा तोरा मीही मिरवला होता. पण मी पत्र्याची आहे.

घरी मी हलकी होऊन जायची. आई मला उचलायची आणि मिठूला शहाणी म्हणायची. शेजारणीला कौतुकाने सांगायची, की हल्लीची मुलं पाणी पीत नाहीत, पण आमची बघा, रोज बाटली रिकामी करून आणते. मिठू पुस्तकात डोकं घालायची. तेवढा वेळ मला ओट्यावर उभं राहणं नको वाटायचं.

महिने गेले. मिठू दुपारी डोकं दुखतं म्हणायला लागली. वर्गात तिचे डोळे मिटायचे. मग घरी न्हाणीघरातून बाहेर येताना तिचा चेहरा पांढरा दिसायला लागला. तिला आत आग होत होती, पण ती कोणाला सांगेना. असल्या दुखण्याचं नाव कसं घ्यायचं, हेच तिला कळत नव्हतं. एके दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे आई तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. पिशवीत मी होतेच.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या, पण बाहेर रांग होती. त्यांनी लघवी तपासली, जंतू आहेत म्हणाल्या, आणि मिठूला विचारलं, की पाणी पुरेसं पितेस ना? मिठूने तोंड उघडायच्या आत आईने मलाच पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. ही एवढी बाटली रोज शाळेत संपते, घरी पिते ते वेगळं, असं तिने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरबाईंनी मिठूकडे पाहिलं. मिठूने मान हलवली. पाण्याचा प्रश्न तिथेच मिटला आणि माझ्या साक्षीवर चुकीच्या वाटेने शोध सुरू झाला.

गोळ्यांनी ताप उतरला. काही आठवड्यांनी पुन्हा चढला. पुन्हा गोळ्या, पुन्हा चार दिवस बरं. आता आईचा संशय पाण्यावर गेला. ती पहाटे उठून पाणी उकळायला लागली. दुहेरी फडक्यातून गाळायची, परातीत थंड पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवून निववायची, मग मला भरायची. मला रोज आतून ब्रशने घासायची. दिवसभर लाँड्रीत उभं राहणाऱ्या बाईने हे करावं आणि त्याच दिवशी ते पाणी झाडाच्या मुळाशी जावं, हे बघताना मला फार वाईट वाटायचं. मिठूलाही वाटत होतं. झाडाखाली मला उलटी करताना ती आता दुसरीकडे बघायची. पण उलटी करायची.

एकदा तिने दोन घोट खरंच घेतले. लगेच कॅप्टनने तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. मिठूने तोंडातला तिसरा घोट रुमालात टाकला.

तिसऱ्या खेपेला ताप उतरेना. कमरेच्या वर, पाठीच्या एका बाजूला अशा कळा आल्या, की तिला सरळ उभं राहता येईना. तिला रुग्णालयात ठेवलं. मला आईने उशाशी ठेवलं होतं, घरून उकळून आणलेल्या पाण्याने भरून. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले आहेत, आणि असं वारंवार का होतंय ते कळायला हवं. त्यांनी घरात कोणाला असा आजार होता का म्हणून विचारलं. आईने सांगितलं, तिची आई मूत्रपिंडाच्या दुखण्यानेच गेली होती. मग डॉक्टर म्हणाले, आणखी खोल तपासण्या कराव्या लागतील. त्यात नळी घालून करायची एक तपासणी होती. जन्मतःच काही दोष निघाला, तर शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. ते गेल्यावर आईने ट्रकवर असलेल्या नवऱ्याला फोन लावला आणि आपल्याच रक्ताचा हा दोष पोरीत उतरला, असं काहीतरी सांगत राहिली. मिठू भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेली नव्हती.

फोन ठेवून आईने मला मांडीवर घेतलं. झाकण उघडलं, झाकणात थोडं पाणी ओतलं, उजेडाकडे धरून बघितलं, हुंगलं.

“ह्या पाण्यातच काही आहे का गं?” ती म्हणाली. “का माझ्याच अंगातलं तुला दिलं मी?”

मिठू वळली. “आई, पाण्यात काही नाही. मी ते प्यायलेच नाही.”

“आज?”

“कधीच नाही. शाळेत कधीच नाही.”

“मग बाटली रिकामी कशी यायची?”

“झाडाला घालायचे.”

आईने झाकणातलं पाणी परत माझ्यात ओतलं आणि झाकण इतकं घट्ट फिरवलं, की रबर करकरलं. मला वाटलं, आता ही पोरीला फाडून खाणार.

“उकळलेलं?” तिने विचारलं. “बरं झालं निववून देत होते. नाहीतर झाड मेलं असतं.”

असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागली. मग मिठूही रडली आणि रडता रडता तिने सगळं सांगितलं. कडी, ढकललेलं दार, उंट, गळका नळ, न्हाणीघरातली आग. हे मला का सांगितलं नाहीस, असं आईने विचारलं, तेव्हा मिठू म्हणाली, की तू शाळेत आली असतीस. आली असते, आई म्हणाली. मग वर्गाने मला जगू दिलं नसतं, मिठू म्हणाली. आई उठून डॉक्टरांना शोधायला गेली.

डॉक्टर कोणाला रागावले नाहीत. खुर्ची ओढून पलंगाशी बसले आणि मिठूला सरळ शब्दांत समजावलं. पाणी कमी आणि तास न् तास दाबून धरणं, ह्यामुळे जंतूंना आत मुक्काम करायला सवड मिळते, आणि तिथून ते वर चढतात. नळीची तपासणी त्यांनी तूर्त पुढे ढकलली. पण एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. आतली छायाचित्रं पाहून ते म्हणाले, की एका मूत्रपिंडावर व्रण राहिला आहे आणि तो जाणार नाही. त्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल. मिठूने एवढंच विचारलं, की मी आधी सांगितलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तर बहुतेक राहिला नसता. खोटं सांगून त्यांना तिची समजूत घालता आली असती. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आली. एकटीच. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि बराच वेळ चादरीचा कोपरा दुमडत राहिली. तिला बसायला सांगितलं तरी बसेना. मग म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी ते दार तिच्यावर पूर्ण उघडलं होतं, बाहेर अर्धी शाळा उभी असताना. तेव्हापासून ती तिकडे कधी गेली नाही. कोणी विचारलं, तर मला लागतच नाही, मी उंट आहे, असं सांगायची. मग दुसऱ्या मुलींनाही उंट व्हायचं होतं. तिला सगळ्या घाबरायच्या, आणि ती त्या दाराला घाबरत होती.

“तुला होतं तसं मलाही होतं,” ती हळूच म्हणाली. “आग. खूप दिवस झाले.”

मिठूच्या आईने पुढे काही ऐकलं नाही. तिने कॅप्टनचा हात धरला आणि तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना मला तिच्या हातात दिलं आणि वाटेत पी म्हणाली. कॅप्टनने मला तोंडाला लावलं. सवयीने मान मागे केली, थांबली, आणि मग तिच्या गळ्यातून पाणी उतरल्याचा आवाज मी ऐकला. तिचा आजार खालीच थांबला होता. ती औषधांनी बरी झाली.

मिठूची आई शाळेतही गेली. मुख्याध्यापकांनी तिचं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि कडीसाठी अर्ज वर पाठवावा लागतो, मंजुरीला वेळ लागतो, असंही सांगितलं. लाँड्रीत एका शर्टाला मी एवढा वेळ लावला तर मालक मला काढून टाकेल, असं ती त्यांना म्हणाली. ते कसनुसं हसले. मिठू शाळेत परतली तेव्हा दार होतं तसंच होतं.

पहिलाच दिवस. मिठूने तास चालू असताना माझं झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायली. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. थोड्या वेळाने तिने हात वर केला आणि बाहेर जाऊ का म्हणून विचारलं. मागून टप टप टप सुरू झालं. सरांनी फळ्यावरून नजर न काढता सुट्टीपर्यंत थांबायला सांगितलं. मिठूचा हात अर्धा खाली आला. माझा जीव टांगणीला लागला, कारण हात पूर्ण खाली आला असता तर तो पुन्हा कधी वर गेला नसता.

तेव्हा पहिल्या रांगेतून कॅप्टन उठली.

“सर, मलाही जायचंय,” ती म्हणाली. “तिला थांबून चालणार नाही. मलापण नाही.”

टप टप बंद पडलं. सरांनी वळून दोघींकडे बघितलं आणि जा म्हणाले. हात धुवायला म्हणून कॅप्टनने मला सोबत घेतलं.

मागे कोणी नव्हतं. मिठू आत गेली. कॅप्टनने दाराला पाठ लावली, दोन्ही पाय रोवले आणि मला छातीशी धरून उभी राहिली. तिची छाती धडधडत होती, मला ऐकू येत होतं. इतक्यात दुसऱ्या काही वर्गांचा खेळाचा तास सुटला आणि मुलींचा घोळका तिकडे वळला. उंटांच्या पुढारणीला तिथे उभी बघून त्या जागच्या जागी थबकल्या. एकीने विचारलं, की तू इथे कशी?

कॅप्टनने झाकण उघडलं आणि त्यांच्यासमोर मोठा घोट घेतला.

“आत माणूस आहे,” ती म्हणाली. “मग मी जाणार आहे. तेव्हा ती उभी राहील. ज्यांना जायचंय त्यांनी जोडीने थांबा.”

कोणी खिदळलं नाही. जरा वेळाने सगळ्यांत मागे उभी असलेली एक चिमुरडी, पाचवीतली असेल, तिने शेजारणीचा हात धरला आणि रांगेत उभी राहिली. मग बाकीच्याही रांगेत आल्या. एरवी पळत येऊन पळत जाणाऱ्या मुली शांतपणे उभ्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना आम्हांला जपा असं सांगतात. मला ते सांगायचं नाही. मला पोचा आला तर कोणीही ठोकून सरळ करील, मी फुटले तर दुसरी आणाल. मिठूच्या पोटात जो व्रण राहिला, तो ठोकून सरळ करणारा कारागीर अजून जन्माला आलेला नाही. ती आज हसते, धावते, पुन्हा बडबडायलाही लागली आहे, आणि तरी दर काही महिन्यांनी आईबरोबर तपासणीला जाते. मी बरोबर असते. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तहान लागली तर प्या. जावंसं वाटलं तर उठा, वर्ग हसला तरी उठा. आणि तुमच्यातली कोणी एकटी उठली, तर तिच्याबरोबर जा. दाराला कडी नसेल, तर धरायला एक माणूस लागतं.